माझं नाक गेलंय, असं तू दारोदार सांगितलंस

माय,

काल सुनबाईनं माझ्यापुढं एक कागद आणून ठेवला अन् म्हणली, "आत्या, आपला येसूर लोकांना कामून आवडतो ते चार ओळीत सांगा. नव्या पाकिटाच्या मागच्या अंगाला छापायचंय." पोरगी शिकलेली हाय. लातुरातच धंद्याचा कसलासा कोर्स केलाय तिनं, दिवसभर ब्रँड ब्रँड करत असती. मी म्हणलं, "लोकांना जीभ हाय म्हणून आवडतो." ती हासली न्हाई. म्हणली, "आत्या, हे छापता येत न्हाई." मग बसले पेन घेऊन. माझं अन् पेनाचं कसं जमतं ते तुला ठाऊकच हाय. सातवीत दोनदा बसले, तिसऱ्यांदा बसवून घ्यायला मास्तरच तयार नव्हते. सकाळपासून चार ओळी काय सुचंनात, सारखी तूच आठवून राहिलीस. म्हणून म्हणलं, आधी तुलाच लिहावं. तुला जित्तेपणी अक्षर वाचता येत नव्हतं, आता कुठून येणार, पण त्यामुळंच जरा मोकळं वाटतंय.

सुनबाईच्या कागदावर 'सुरुवात' म्हणून एक रकाना हाय. तिला वाटतं कोणीतरी विचार करून, ठरवून धंदा काढला असंल. तिथं काय लिहू सांग. दुष्काळ पडला, गंज बाजारात मालाच्या गाड्या यायच्या बंद झाल्या, आबा हमाल असून त्यांच्या पाठीला पोतं मिळंना, अन् तू खडी फोडायला गेलीस. मी नऊ-दहा वर्षांची, तुझ्या पदराला धरून मीबी. दुपारी बाया सावली शोधून फडकी सोडायच्या. सगळ्यांच्या फडक्यात तीच रेशनच्या लाल मिलोची, त्या परदेशी ज्वारीची भाकरी. तिचा वास अजून माझ्या नाकात हाय, पावसात भिजलेल्या पोत्यावाणी. बाया भाकरीकडं बघत बसायच्या, घास उचलत नव्हत्या. तुझ्या कमरेला घरच्या येसुराची एक पुरचुंडी असायची. धने, जिरं, खोबरं, दगडफूल, मिरची भाजून कुटलेली, अन् आमटीला घट्टपणा यावा म्हणून त्यात भाजलेली डाळ नि ज्वारी. वाटीत पाणी घेऊन तू त्यात चिमूटभर येसूर नि मीठ कालवायचीस, अन् त्यात बुडवली की ती भाकरी गळ्याखाली उतरायची. पहिल्या दिवशी शेजारी बसलेल्या बाईला दिलंस. आठ दिवसांत सगळ्या बाया भाकरी घेऊन तुझ्याभोवती बसायला लागल्या. त्यातली एक देवणीकडची थोराड बाई म्हणली, "फुकट किती दिस खायचं गं? आता इकत दे." ही सुरुवात. रकान्यात बसत न्हाई.

अन् विकायला लागलीस तेव्हाचं तुझं बोलणं मला आठवतं. बाईनं हात पुढं केला की तू आधी म्हणायचीस, "औंदा खोबरं कमी हाय. ज्वारी मिळंना म्हणून मिलोच भाजून घातलाय. नेहमीवाणी लागणार न्हाई. घ्यायचा तर घे." मला इतका राग यायचा. मी तुला चिमटा काढून म्हणलं होतं, "माय, असं आपणहून कोण सांगतं?" तू म्हणलीस, "खाल्ल्यावर तिला कळणारच हाय. मग तिनं येऊन मला सांगावं, का मीच तिला आधी सांगावं?" मला त्यातलं काही कळलं न्हाई. मला वाटलं, आपली माय साधी हाय, हिला कुणीबी गंडवंल. म्हणून दुसऱ्या दिवशी मी खडीच्या ढिगावर चढले अन् तुझी नक्कल करत वरडले, "या बायांनो, या! बिनखोबऱ्याचा येसूर, चव न्हाई, वास न्हाई, घ्या अन् पस्तावा!" मुकादम सुद्धा खाली बसून हासला. तू पाटी घेऊन माझ्यामागं पळालीस. अन् पुरचुंडी त्या दिवशी दुपारच्या आतच रिकामी झाली. रात्रभर मी फुगून होते, माझ्यामुळं खपला म्हणून. तू मात्र एवढंच म्हणलीस, "हासल्या म्हणून घेतला. उद्या परत घेतात का ते बघ." परत घेतला त्यांनी. मी ढिगावर नसताना सुद्धा घेतला.

पाऊसपाणी झालं, खडी बंद झाली, पण येसूर काही थांबला न्हाई. गल्लीतल्या आपल्या अंगणात तू दर सोमवारी भाजायला बसायचीस. सोमवार तुझा महादेवाचा उपास. लोक म्हणायचे, उपासाच्या दिवशी मसाला भाजती, चव कशी बघती ही? तू चव बघतच नव्हतीस. सगळा कारभार नाकावर. कढईतल्या खोबऱ्याचा वास कच्चा, मग गोड, अन् करपायच्या जरा आधी एक घटकाभर काय असतो, ते तुलाच कळायचं. त्या घटकेला तू कढई उतरवायचीस. चिमूटभर महादेवापुढं, बाकीचा कुटून पिशव्यात. पिशव्या कसल्या, तर कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्यांच्या. एक हिरवी, एक ठिपक्यांची, एकीला सदऱ्याच्या खिशाचं कापड. गिऱ्हाइकानं रिकामी पिशवी आणून द्यायची अन् भरलेली न्यायची. अन् तू रिकामी पिशवी हातात आली की आधी नाक खुपसायचीस. "बाई, चुलीला चिटकून ठिवलीस गं." "तुझ्या मांडणीमागच्या भिंतीला वल हाय, तिकडं ठिऊ नको." पलीकडची खाला एकदा तोंडाला पदर लावून मला म्हणली, "तेरी माँ कू पिशवी देते तो डर लगता है. घर में क्या पकाया, सब बता देती." पण त्याच बाया औशाच्या बसमधून उतरल्या की आधी आपल्या अंगणात यायच्या. एकजण तर नांदेडला लेकीकडं निघाली की दहा पिशव्या न्यायची. नाव न्हाई, छाप न्हाई. चिंधीची पिशवी बघितली की कळायचं, लातूरच्या त्या बाईचा.

मी काय करत होते म्हणशील तर उद्योगच. मास्तरांच्या तपकिरीच्या डबीत येसूर भरला तो प्रकार तू विसरली नसशीलच. वर्ग शिंकला, मास्तर शिंकले, शेवटी शेजारच्या वर्गातून हेडमास्तर आले, तेबी शिंकले. घरी तक्रार आली तर तू पहिलं विचारलंस, "कोणत्या पिशवीतला घेतलीस?" मी म्हणलं, ठिपक्यांच्या. "तो चांगला उतरलेला होता की गं," असं म्हणून मग एक ठेवून दिलीस पाठीत. मारायच्या आधी मालाची चौकशी करणारी माय मी दुसरी बघितली न्हाई.

मग ते तापाचं वर्ष. पंधरा दिवस तू अंथरुणाला होतीस, नाक चोंदून, डोळे लाल. ताप उतरला, तू उठलीस, सोमवारी परत कढई चढवलीस. सगळं पहिल्यावाणी. एका दुपारी मला खोडी सुचली. परत आलेल्या पिशव्यांच्या ढिगातल्या एका हिरव्या पिशवीवर मी घासलेटाचे चार थेंब टाकले. म्हणलं, तुझं तोंड कसं होतं ते बघू. खांबामागं उभी राहून बघून राहिले. तू पिशवी उचललीस, नाक खुपसलंस, डोळे मिटून लांब श्वास घेतलास. मी तोंडावर हात दाबून धरलेला. तू म्हणलीस, "कोरडी ठिवलेली हाय. शहाणी बाई हाय." अन् ती चांगल्यांच्या ढिगात ठेवलीस. मी हासायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. खांबापर्यंत घासलेटाचा भपकारा येत होता, माय.

मी ती पिशवी हळूच काढून घेतली अन् नहाणीत नेऊन तीनदा धुतली. कुणाला सांगितलं न्हाई, आबाला सुद्धा न्हाई. सोमवारी तू कढईपुढं बसलीस अन् मी पहिल्यांदा तुझ्याकडं नीट बघितलं. तू नाकानं न्हाई, डोळ्यानं भाजत होतीस. रंग बघत होतीस, तडतड ऐकत होतीस. खोबऱ्याचा वास गोड झाला, त्याच्या पुढं निघाला, तरी तू बसलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, "माय, नाक जळालं माझं, उतरव की." तू वर बघितलंस. लई वेळ बघितलंस. मग कढई उतरवलीस. पुढच्या सोमवारी मी आपणहून शेजारी येऊन बसले अन् तू मला सरकून जागा दिलीस. एवढंच. तिथून पुढं दर सोमवारी माझी आरडाओरड. "उतरव गं, शेजाऱ्यांना ठसका लावती का?" बाया म्हणायच्या, "लई त्वांडाळ पोरगी हाय तुमची, आईला कामाला लावती." तू म्हणायचीस, "काय करावं, कारटीला जीभ आवरत न्हाई." अन् कढई उतरवायचीस.

एकदा मी बोलले होते तुला. मी सोळा-सतरा वर्षांची असंन. म्हणलं, "माय, तू गिऱ्हाइकाला खोट आधी सांगती ना? मग हे कामून सांगत न्हाईस?" तू धने पाखडत होतीस. सूप थांबवलंस. "खोट मालात असली तर सांगते. ही खोट माझ्यात हाय, मालात न्हाई. जवर तू शेजारी हाईस तवर न्हाई." मी तेव्हा नाक वर करून शेजारणीच्या घरी काय शिजतंय ते सांगायला लागले अन् तू हासलीस. पण ते बोलणं माझ्या पोटात जाऊन बसलं. तुझं एवढ्या वर्षांचं नाव माझ्यासारख्या उनाड पोरीच्या नाकावर टांगलेलं. चार दिवस मी नाकात बोट सुद्धा घातलं न्हाई.

अन् मग लातूरचा जिल्हा झाला. रोज नवी पाटी, नवं हापिस, भाड्यानं खोली शोधत फिरणारे परगावचे साहेब. गंजातले किराणावाले अप्पा आपल्या अंगणात येऊन बाजेवर बसले. "अक्का, आता उस्मानाबादला खेटे घालायचं संपलं. कलेक्टर हितं बसणार. दुकान वाढवून राहिलोय. तुमचा येसूर मला पोत्यानं पायजे, कागदाच्या पुड्यात, वर छापलेलं नाव."

तू म्हणलीस, "नाव कशाला? लोकं पिशवी वळखतात."

"आपली वळखतात. ह्या साहेबांच्या बायका कुठून वळखतील? त्यांना नाव पायजे, चित्र पायजे. महादेवाचं घालू."

"नको. पुडी फाडून उकिरड्यावर टाकतेत. देव पायदळी यायचा."

मी मधीच म्हणलं, "मग आबाच्या मिशा छापा. त्या पायदळी आल्या तर कुणाचं काय जातंय?" अप्पा इतके हासले की बाज करकरली. शेवटी उखळाचं चित्र ठरलं. अप्पांचं चुकीचं नव्हतं, माय. नव्या माणसाला वाट दाखवायला काहीतरी लागतंच. नाव वाट दाखवतं, पुढं मालानं धरून ठेवायचं असतं. हे मी आत्ता म्हणते. तेव्हा मला फक्त छापील पुडी बघायची हौस होती.

तो सोमवार जिल्ह्याच्या मिरवणुकीचाच निघाला. हलगी, लेझीम, गुलालाची पोती. अंगणात तीन चुली पेटवलेल्या, आजवर भाजला नव्हता इतका माल. मी भिंतीपाशी. त्या दिवशी शेवटच्या दोन कढया करपल्या. येसुराचा रंग मुळातच काळपट, डोळ्याला कळायचं न्हाई. सगळं एकत्र कुटलं गेलं. तू विचारलंस, "बराबर हाय का गं?" मी म्हणलं, "हाव." आबांनी पोती अप्पांकडं नेली, उरलेला आपल्या पिशव्यात गेला.

चौथ्या दिवशी खाला मला नळावर भेटली. माझा दंड धरून बाजूला घेतलं. "बेटी, इस बार जल गया है. माँ कू मत बोल, उनका दिल छोटा होगा." दुपारी आणखी दोघीजणी आल्या, रिकाम्या पिशव्या दिल्या, भरलेल्या नेल्या. तक्रारीचा शब्द न्हाई. तू पिशवीत नाक घालून म्हणलीस, "छान हाय." त्या दोघींनी एकमेकींकडं बघितलं अन् मान खाली घातली. अप्पांना मात्र असलं काही जमत नव्हतं. ते पाचव्या दिवशी पोतं घेऊनच आले. "अक्का, करपलंय. बाहेरचं गिऱ्हाइक फळीवर आपटून गेलं." इतक्या वर्षांत तू पहिल्यांदा पारखायला म्हणून चिमूटभर येसूर जिभेवर ठेवलास. थुंकली न्हाईस. गिळलास. अप्पा गेल्यावर मला विचारलंस, "तुला वास आला न्हाई?" मी म्हणलं, "सर्दी झालीती, माय." तू उठून चुलीवर सुंठीचा काढा ठेवलास.

दुसऱ्या दिवशी घरात होतं तेवढ्या सामानाचा येसूर नव्यानं केलास, वार सोमवार नसताना, अन् उपास नव्हता म्हणून चाखून. अन् मला घेऊन दारोदार निघालीस. प्रत्येक उंबऱ्यावर तेच. "मागचा करपलेला हाय. फेकून दे. हा घे. माझं नाक गेलंय, वास येत न्हाई, चार-पाच वरीस झाले. आधी सांगायला पायजे होतं, सांगितलं न्हाई." तिसऱ्या घरच्या म्हातारीनं तुला हाताला धरून आत बसवलं अन् म्हणली, "बाई, आमाला ठाऊक हाय. तुझी पोरगी दर सोमवारी वरडती, उतरव उतरव, चार घरं पलीकडं ऐकू येतंय. एवढी वरीस नाकानं भाजणारी बाई काय पोरीच्या सांगण्यावर उतरवती व्हय? आमी कवाच वळखलं." तू म्हणलीस, "अन् तरी घेत व्हतीस?" म्हातारी म्हणली, "एका बारीला करपला म्हणून काय झालं? माझ्या घरी सून रोज करपवती." तू तिथं बसून रडलीस. मी पिशव्या पोटाशी धरून उभी. त्या दिवसानंतर एकही गिऱ्हाईक कमी झालं न्हाई, उलट त्याच बाया अंगणात येऊन पाळीपाळीनं वास घ्यायला बसायच्या. गंजातल्या अप्पांनी वर्षभर तोंड फिरवलं, मग तेबी आले.

तर मघाशी हे पत्र बाजूला ठेवून सुनबाईच्या कागदावर मी एकच ओळ लिहिली. 'काही उणं असलं तर आम्ही आधी सांगतो.' ती इतकी खूश झाली की मोबाइलवर नवऱ्याला वाचून दाखवली. उद्या छापायला जाणार. अन् ती गेल्यावर मी हे पत्र परत पुढ्यात ओढलं.

मला सर्दी झाली नव्हती, माय. वास आला होता. खोबऱ्याचा गोड झाला, मग ती घटका आली, मग कडवट झाला, सगळं कळलं. मी भिंतीवर चढून मिरवणूक बघत होते. एका पुढाऱ्याचा फेटा सुटून लेझीमवाल्याच्या पायात अडकला होता, अन् तो पुढारी फेट्याचं टोक धरून तसाच नाचत होता. म्हणलं, एवढं बघते अन् सांगते. दुसऱ्या कढईला सुद्धा तेच म्हणलं. अन् सर्दी म्हणले तेव्हा तू माझ्या कपाळाला हात लावून बघितलास, नाकाखाली बोट धरलंस. कपाळ गार होतं. नाक कोरडं होतं. तरी काढा केलास, अन् दारोदार फिरून तुझंच नाक गेल्याचं सांगितलंस. कुठल्याच दारात माझं नाव काढलं न्हाईस. सांगायला मला लई दारं होती. मग तुझी चाळीशी, म्हातारपण, दवाखाना, तिथंबी लई वेळ होता. मी तुला हासवत बसले.

हा कागद सुनबाईला दाखवणार न्हाई. तिला एवढं म्हणलं की ती ओळ माझी न्हाई, माझ्या मायची हाय. ती म्हणली, "मग तुमची कोणती, आत्या?" मी म्हणलं, "आधी आत जाऊन बघ, दूध उतू चाललंय." ती पळाली.

उतू जात नव्हतं.